सांध्यातली फट

९ मार्च

भाऊजींना नमस्कार.

हे गेले तेव्हा तुमचं कार्ड आलं होतं. दोन ओळींचं. त्याला आता दोन वर्षं झाली आणि मी उत्तर आज लिहिते आहे. कारण विचारू नका. तुम्ही कार्डाच्या कोपऱ्यात पत्ता घातलात, म्हणून हे पत्र लिहिता तरी येतंय.

इकडे सगळं बरं आहे. तुमची खारूताई चोवीस वर्षांची झाली. लग्न झालं, दोघं माझ्याकडेच राहतात. तिला सातवा महिना चालू आहे. डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलंय, जिना चढउतर बंद. ती वरच्या खोलीत असते आणि दिवसभर खाली हुकूम सोडते. जावई चांगला आहे. सायकली दुरुस्त करतो. पुढच्या खोलीत त्याने दुकान काढलं. त्यासाठी दोन खांबांमधली पुढची भिंत पाडून मोठं शटर बसवलं. मी नको म्हटलं होतं. तो म्हणाला, "आई, भिंत नुसती भरावाची आहे, भार तर लाकडावरच आहे. बाबाच सांगायचे ना?" हे तसंच सांगायचे खरं. खांब आणि तुळया उभ्या केल्या की घर झालं, भिंत म्हणजे घराचे कपडे.

तर एक किरकोळ विचारायचं होतं. पुढच्या तुळईचा डावीकडचा सांधा थोडा उघडलाय. तुळईचं कुसू जिथं खांबाच्या खाचेत शिरतं, तिथं फट दिसते. तुमचंच कार्ड हाताशी होतं, ते घालून पाहिलं. जातं. एवढी फट चालते का? लाकूड उन्हापावसात कमीजास्त होतं हे मला ठाऊक आहे, म्हणून काळजी अशी नाही. सवडीने एक ओळ लिहा.

तुमच्या वहिनीचा नमस्कार.

पत्राला जायला चार दिवस आणि यायला चार, असंच ना?

१९ मार्च

भाऊजींना नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाही. पोस्टमनला रोज विचारते, तो आता मला लांबूनच हात हलवून नाही म्हणतो.

मागच्या पत्रात फटीत कार्ड जातं असं लिहिलं होतं. आता कंगवा जातो, दातांच्या बाजूने. कोपरापर्यंत बांगड्या सरकवून मी स्टुलावर चढते आणि रोज काहीतरी घालून बघते. जावई म्हणतो, "आई, फटीला वरचेवर बोट लावलं तर तीही लाडावेल."

दुपारी बाराच्या सुमारास छप्पर तापतं आणि तुळई बोलते. आवाज मोठा नसतो. कुणीतरी बोट मोडावं तसा एकदाच होतो. मग मी हातातलं काम टाकून दुसऱ्या आवाजाची वाट पाहत उभी राहते. तो आला नाही तर आणखी भीती वाटते.

गवंड्याला बोलावलं होतं. त्याने काठीने दोनदा ठोकलं आणि म्हणाला, "मावशी, लाकूड आहे, कुरकुरणारच. माझी बायको बावीस वर्षं कुरकुरतेय, पडली का?" फटीत सिमेंट भरून गेला. परवा ते सिमेंट भुग्यासारखं खाली आलं. एका गिऱ्हाइकाच्या टकलावर पडलं. ते हसले, मी हसले नाही.

मी मागच्या अंगणातून एक जुना वासा आणून तुळईखाली टेकू लावला. संध्याकाळी पाहते तर काढून ठेवलेला. "आई, लोक विचारतात घर पडतंय का. मी काय सांगू?"

खारीला म्हटलं, मागच्या खोलीत झोप. तिथं खिडकी नाही, तिला गुदमरल्यासारखं होतं. खाली आणावं तर तुळईखाली, वर ठेवावं तर तुळईवर. मी दिवसभर त्याच हिशेबात असते.

वाचनालयातून घरबांधणीचं एक पुस्तक आणलं. मला वाचायला तुम्ही लाकडावरच्या खुणांवरून शिकवलंत. कुठलं कुसू कुठल्या खाचेत जायचं त्यासाठी तुम्ही पटाशीने अक्षरं कोरायचात, आणि मी पाणी घेऊन आले की विचारायचात, "वहिनी, हे कुठलं?" तेव्हापासून हाताला लागेल ते वाचते. या पुस्तकात सांध्यांवर एक पूर्ण प्रकरण आहे. वाचलं, समजलंही. पण आमच्या घरात काय आहे ते पुस्तकाला कुठून माहीत असणार?

त्या सांध्यांच्या खुंट्यांची भोकं तुम्हीच पाडली होती. त्यांच्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही, हे लिहून ठेवते.

वेळ काढून यायला जमेल का? एक दिवस पुरे. मी तुमच्यासमोर येणार नाही, हवं तर.

वहिनी

२७ मार्च

भाऊजी,

आज खरं लिहिते. तीन कागद फाडून झाले, हा चौथा.

तुम्ही म्हणाल, गावात दुसरा सुतार नाही का. आहेत. वखारीजवळ रोज चार जण बसतात. जुना सांधा उघडून बघणारा त्यांच्यात एक तरी निघेल, ते म्हातारे मिस्त्री तर नक्कीच. पण मी गवंड्याला बोलावलं. कारण कुसू खाचेत धरून ठेवणाऱ्या लाकडी खुंटीतलं त्याला काही कळत नाही. सुताराने ती खुंटी बाहेर काढली असती तर हातात घेताक्षणी ओळखलं असतं.

खुंट्या मी करायची. तुम्हाला काय सांगायचं, पण लिहायचंय तर सगळं लिहिते. लाकूड करवतीने कापायचं नाही, रेषेवर फोडायचं, चौकोनी तासायचं, चुलीवरच्या फळीवर टोपलीत सहा महिने वाळवायचं. मग दोन खुंट्या एकमेकींवर मारून ऐकायचं. वाळलेली खणखणते, ओली थपथप करते. हे म्हणायचे, हिचा कान आहे तोवर मला घोर नाही.

त्या वर्षी आठ दिवस झड लागली होती. सरपण भिजून चिखल झालेलं. खारी पाच वर्षांची होती, तापाने फणफणलेली, तिला हुडहुडी भरायची आणि दात वाजायचे. तुम्ही दोघं साहेबांच्या घराच्या कामावर होतात, नदीपलीकडे, पूल बंद. घरात वाळलेलं असं लाकूड एकच होतं. मी टोपली उतरवली आणि दोन दिवसांत सगळ्या खुंट्या जाळल्या. खोली उबदार राहिली. ताप उतरला.

पूल उघडल्यावर यांचा निरोप आला, परवा खुंट्या पाठव. मी दिवसभर बसून नव्या फोडल्या. ओल्या लाकडाच्या. आणि गरम राखेत रात्रभर भाजल्या. सकाळी एकमेकींवर मारून पाहिल्या तर खणखणल्या. वरून वाळल्या होत्या, आत गाभा ओला होता. मला ते कळत होतं भाऊजी. कान फसला असं मी म्हणणार नाही. मला सगळं कळत होतं आणि मी टोपली पाठवली.

सांगायला काय झालं होतं? हे रागावले असते, एक दिवस जेवले नसते. एवढंच. पण साहेबांची माणसं कामावर खोळंबलेली आणि निरोप्या दारात उभा. मला वाटलं, आत गेल्यावर वाळतीलच की. वाळल्याच त्या. वाळून बारीक झाल्या.

चार महिन्यांनी साहेबांच्या घराचा सांधा उघडला, दाराची चौकट तिरकी झाली. खुंटी सांधा ओढून का धरत नाही, तर भोक मोठं पाडलंय, असं म्हातारे मिस्त्री म्हणाले. भोकं पाडायचा सामता तुमच्या हातात होता. यांनी सगळ्या माणसांसमोर तुम्हाला म्हटलं, "तुझा हात ढिला." मिस्त्री हसून म्हणाले, "ढिल्या सुतार." मी पाण्याची कळशी घेऊन दारात उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला वाटलं असेल, वहिनी काहीतरी बोलेल.

मला वाटलं, संध्याकाळपर्यंत निवळेल. रात्री यांना एकट्यांना सांगू. संध्याकाळी तुम्ही गाव सोडून गेला होतात.

मग रोज आणखी अवघड होत गेलं. आज एकोणीस वर्षं झाली. हे तुमच्या सामत्याला दर वर्षी तेल लावून ठेवायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. तुमचं नाव मात्र काढायचे नाहीत. शेवटच्या आजारात एकदा म्हणाले, "त्याचा हात असा नव्हता गं." मी उशी नीट केली.

त्याच टोपलीतल्या उरलेल्या खुंट्या आपल्या घराला लागल्या. पुढच्या तुळईला चार, दोन या टोकाला, दोन त्या टोकाला. एकोणीस वर्षं भिंतीने ते झाकलं आणि सांभाळलंही. आता भिंत नाही.

माझ्यासाठी येऊ नका. खारीसाठी या.

वहिनी

३ एप्रिल

भाऊजी,

पेन्सिल जाते.

टेकू मी परत लावलाय आणि त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसते, म्हणजे कुणी काढणार नाही. गिऱ्हाइकांना वाटतं मी दुकानावर नजर ठेवायला बसलेय. एक जण मला हवेचा पंप द्या म्हणाला, दिला. जावई घुश्शात आहे. "आई, तुम्हाला कसली भीती वाटते ते तरी सांगा." तोंडापर्यंत आलं होतं. मग वरून खारीने हाक मारली आणि मी तिच्या हाकेमागे पळाले.

तिला पाणी द्यायला वर जाते तेव्हा भिंतीच्या कडेकडेने चालते. माझं वजन ते काय, पण पाऊल टेकवत नाही. ती हसते. "आई, चोरासारखी काय चालतेस स्वतःच्या घरात?"

तुमचं पत्र येईल याची भीती वाटते आणि येणार नाही याचीही. तुम्ही काही लिहू नका, शिव्यासुद्धा नकोत, फक्त एवढं सांगा की तुळई टेकूवर किती दिवस राहते. आणि दुसरं टोक कसं बघायचं? तिथं फळ्यांचं कपाट आहे, मला सरकत नाही, आणि सरकवायला सांगितलं तर का ते सांगावं लागेल.

आज दुपारी दोनदा आवाज झाला.

२२ एप्रिल

भाऊजी,

तुम्ही पोचला असाल. घर उभं आहे. पहिल्यांदा हेच लिहायला हवं ना?

तुम्ही आलात तेव्हा मी स्टुलावरच होते. दाढी पांढरी झालेली, खांद्याला पिशवी. मी उठायच्या आत तुम्ही विचारलंत, "सामता कुठाय?" एकोणीस वर्षांनी पहिला शब्द तो. मी धावत जाऊन आणला. नमस्कार करायचा राहूनच गेला, तुम्हीही करू दिला नाहीत.

तुम्ही वर काम करत होतात तेव्हा खाली आणि शेजारी काय चाललं होतं ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून लिहिते.

खारीला आम्ही शेजारच्या शिलाईवालीकडे हलवलं. जावयाने तिला खुर्चीसकट उचलून नेलं. तुम्ही त्याला कपाट सरकवायला लावून उजवीकडचं टोक दाखवलंत, तिथे तुमचा अंगठा फटीत शिरला, तेव्हापासून तो माझ्याशी बोलताना आवाज चढवत नाही. ट्रकचा जॅक त्यानेच धावत जाऊन आणला. तुम्ही जॅकला पहिला दाब दिलात आणि तुळई कडाडली, तेव्हा मी रस्त्यावर होते. अनवाणी. कशी आले ते आठवत नाही. मला वाटलं, गेलं. यांचं सगळं गेलं, आणि माझ्या हाताने गेलं. मग आतून तुमचा आवाज आला, "अर्धा सूत. अजून." मी तिथेच पायरीवर बसले.

जुनी खुंटी तुम्ही ठोकून बाहेर काढलीत आणि जमिनीवर टाकलीत. धनुष्यासारखी वाकलेली, करंगळीहून बारीक. जावयाने उचलली, पाहिली, म्हणाला, "ही घर धरून होती?" बोलायची पाळी माझी होती. मी ती त्याच्या हातातून घेतली आणि शिलाईवालीकडे गेले.

खारीला सगळं सांगितलं. शिलाईवाली मशीन थांबवून ऐकत होती, तिला जा म्हणायचं धाडस झालं नाही, तिचंच घर. खारीने खुंटी हातात घेऊन पाहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या तापासाठी जाळल्यास. हे मला कशाला सांगतेस? माझ्यावर टाकतेस?"

मी म्हटलं, "नाही गं. जाळल्या ते चुकलं नव्हतं. आजही जाळेन. पुढे गप्प बसले ते चुकलं."

"काका मला खांद्यावर घेऊन आढ्याला हात लावायला द्यायचे," ती म्हणाली. "ते का गेले म्हणून मी विचारायचे. तू म्हणायचीस, त्यांना लांब काम मिळालं."

"हो."

"बाबांनाही काकांचीच चूक वाटू दिलीस."

मग तिने भिंतीकडे तोंड केलं. अजून माझ्याशी कामापुरतं बोलते. जेवण ठेव, पंखा लाव. मी करते.

तुम्ही नव्या खुंट्या पिशवीतून काढल्यात आणि दोन माझ्यापुढे धरल्यात. मला हात पुढे करवेना. तेव्हा तुम्हीच एकमेकींवर मारल्यात. मी नुसतं ऐकलं. इतक्या वाळलेल्या खुंट्या कधीच्या, असं विचारलं तर तुम्ही म्हणालात, "असतात." तुम्ही तिकडे खोकी ठोकण्याच्या कारखान्यात काम करता, तिथे खुंटीचं काय काम? पुढे विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी तुम्ही निघालात. मी दारात तेच म्हटलं जे पत्रात लिहिलं होतं. तुम्ही चप्पल घालता घालता म्हणालात, "वहिनी, हे मला सांगून काय उपयोग? माझी भोकं बरोबर होती हे मला तेव्हाच माहीत होतं."

तुम्ही रागाने म्हणाला नाहीत. राग असता तर मला झेपलं असतं. त्या दिवसापासून तेच वाक्य घेऊन फिरतेय. तुळई आता गप्प आहे, दुपारी काहीच वाजत नाही. पण बारा वाजले की मी उभी राहते, आणि मग लक्षात येतं, भीती तुळईची नाही. वखारीजवळच्या सुतारांना हे सांगायला जायचं आहे, त्याची आहे.

वहिनी

४ मे

भाऊजी,

काल गेले होते.

त्याआधी तीनदा निघून परत आले. एकदा कोपऱ्यापर्यंत, एकदा पिठाच्या गिरणीपर्यंत, एकदा तर वखारीचा कट्टा दिसला आणि मी भाजी घ्यायला आल्यासारखी वळले. काल जावई म्हणाला, "मी येऊ का?" मी नको म्हटलं. खारी वरून म्हणाली, "तिला एकटीला जाऊ दे." तेवढंच बोलली, पण माझ्याबद्दल बोलली.

सकाळी दहाची वेळ, कट्ट्यावर चौघे होते. म्हातारे मिस्त्री मधोमध, चहाचा पेला गुडघ्यावर. मी गेले, उभी राहिले. मला पाहून त्यांनी जागा करून दिली, यांची बायको म्हणून अजून मान देतात. "या वहिनी. घराचं ऐकलं. ढिल्या आला होता म्हणे?"

ते नाव ऐकलं. मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते. म्हटलं, "त्यांना त्या नावाने हाक मारू नका. साहेबांच्या घराला खुंट्या मी दिल्या होत्या, ओल्या. राखेत भाजून खणखणीत केलेल्या. भोकं बरोबर होती."

एक जण हसला, त्याला वाटलं मी काहीतरी गंमत करतेय. मी पदराखालून ती वाकलेली खुंटी काढली आणि मिस्त्रींच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी उचलली नाही. नुसतं वाकून पाहिलं, वास घेतल्यासारखं. मग म्हणाले, "एकोणीस वर्षं?"

"हो."

"मी त्याचं नाव पाडलं. साहेबांकडे गेलो, पुलाकडच्या लोकांकडे गेलो, याला काम देऊ नका म्हणून सांगत. तुम्ही मला रस्त्यात भेटायचात. माझ्या नातीच्या लग्नाला आला होतात, जेवलात."

"हो."

"बाई, तुमचा कान खुंटीपुरताच होता का?"

मी ऐकून घेतलं. दुसरं काय करणार होते? बाकीचे तिघे आपापल्या पेल्यात बघत होते. त्यातला एक उठून आत निघून गेला, तो आमच्या घराच्या कामावर होता. कुणी मला जा म्हणालं नाही आणि कुणी बस म्हणालं नाही. मग निघाले.

पिठाच्या गिरणीपाशी मागून काठीचा आवाज आला. मिस्त्री येत होते. मला वाटलं उरलेलं बोलून घ्यायला. पाय पळायला बघत होते, तरी थांबले. ते आले, धाप लागलेली, श्वास सावरायला वेळ लागला. खिशातून वखारीच्या पावतीचा कागद आणि पेन्सिल काढली. कागद उलटा केला, कोरी बाजू वर.

"त्याचा पत्ता द्या."

मी म्हटलं, "त्यांना विचारल्याशिवाय देणार नाही."

ते रागावतील असं वाटलं. रागावले नाहीत. कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मग विचारा. मला आता फार दिवस नाहीत थांबायला."

तो कागद माझ्याजवळ आहे, कोराच. आजवर तुमच्या वतीने मी गप्प राहिले. आता तुमच्या वतीने बोलणार नाही.

देऊ का?

वहिनी